इंजिन मागं गेलं आणि जुनं गिऱ्हाईक रागावलं



मागच्या महिन्यात सातारच्या बॅचमध्ये एक ताई होत्या. कांदा-लसूण मसाला करतात. मिरची आणि खडा मसाला स्वतः भाजतात आणि डंखावर कुटून आणतात. आता पुण्या-मुंबईहून ऑर्डरी वाढल्यात, डंखावर नंबर लागत नाही, म्हणून पल्व्हरायझर घ्यायचा विचार चाललाय. पण जुनी गिऱ्हाईकं सरळ म्हणाली, "मशीनवर दळलंत तर आम्ही दुसरीकडे बघू."

ताईंनी विचारलं, "सर, ज्यांनी मला उभं केलं त्यांचं ऐकू, की जे अजून दारात आलेच नाहीत त्यांचं?"

मी त्यांना एका गाडीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "अहो सर, मी मसाल्याचं विचारतेय." तरी सांगितली. तीच इथं सविस्तर लिहितो, कारण व्हिडिओत वेळ पुरला नाही.

शेवरोले हे नाव तुम्हाला माहितीये. टवेरा, बीट, स्पार्क. त्यांचा तळेगावला कारखाना होता, 2017 च्या शेवटी त्यांनी भारतात विक्री बंद केली. त्याच कंपनीची अमेरिकेतली मानाची गाडी म्हणजे कॉर्व्हेट. दोन सीटची, लांबलचक बॉनेटची, पुढं मोठं आठ सिलिंडरचं इंजिन असलेली. तिकडे हिचे क्लब आहेत. बापानं जपलेली गाडी मुलगा चालवतो. केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन गावात ती बनते आणि कारखान्याजवळच तिचं संग्रहालयही आहे. आपल्याकडे बुलेटवाल्यांचं बुलेटवर असतं तसं प्रेम, फक्त किंमत बरीच मोठी.

18 जुलै 2019 ला कंपनीनं नवी, आठव्या पिढीची कॉर्व्हेट दाखवली. त्याआधी काही महिने रंगीबेरंगी आवरणात झाकलेली गाडी खुद्द कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांना घेऊन न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फिरली होती आणि तिच्या दारावर फक्त तारीख लिहिली होती. पण खरी बातमी वेगळी होती. 66 वर्षं पुढं असलेलं इंजिन आता ड्रायव्हरच्या पाठीमागं गेलं होतं.

आणि मग वाद पेटला.

जुन्या मंडळींचं म्हणणं साधं होतं, ही कॉर्व्हेटच नाही. लांब बॉनेट गेलं म्हणजे चेहराच गेला. लांबून बघितलं तर इटालियन फेरारीची धाकटी बहीण वाटते, मग आमचं वेगळं काय उरलं? दुसरी तक्रार त्याहून मोठी होती. गिअर हातानं टाकायची सोयच नाही. क्लचचं पेडल नाही. आठ गिअरचा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स, स्वतः बदलणारा, फार तर स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदला. ज्यांनी आयुष्यभर स्वतः क्लच दाबून गाडी चालवली त्यांना हे अपमानासारखं वाटलं. शिवाय रविवारी घरच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडून स्वतः काम करणारे पुष्कळ होते. त्यांना दिसत होतं की आता इंजिन सीटमागच्या खोबणीत बसलंय, हात घालायचा तर अवघड. आणि आत दोन सीटांच्या मध्ये एसीच्या बटणांची एक लांब भिंतच उभी केलेली. तिच्यावर तर गाडी आवडलेल्या लोकांनीही हसून घेतलं.

दुसरी बाजू म्हणत होती, अरे बाबांनो, आधी गाडीचं शास्त्र बघा.

हे शास्त्र आपल्याला परकं नाही. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला विचारा. माल पुढं जास्त झाला तर गाडी धुरजड होते, जोखड बैलांच्या मानेवर बसतं. मागं जास्त झाला तर उलाळ होते, पुढचं टोक वर उचलतं. भार कुठं ठेवला यावर सगळा खेळ. कॉर्व्हेटचं इंजिन पुढं होतं आणि ताकद मागच्या चाकांना जात होती. इंजिन मोठं होत होत आधीच्या पिढीच्या सगळ्यात जोरदार मॉडेलमध्ये ते 755 हॉर्सपॉवरवर पोचलं. पण एवढी ताकद रस्त्यावर उतरवायची कशी? मागच्या चाकांवर पुरेसं वजनच नाही, ती जागच्या जागी फिरतात. इंजिन मागं आणल्यावर साधारण 60 टक्के भार मागच्या चाकांवर आला, चाकांनी रस्ता घट्ट धरला. जड वस्तू गाडीच्या मध्याजवळ आल्यामुळं वळणावर ती चटकन वळते, हेही आलंच. पाण्याची घागर कमरेवर घेऊन वळणं आणि हात लांब करून धरून वळणं, एवढाच फरक.

परिणाम? 490 हॉर्सपॉवरची साधी गाडी, म्हणजे आधीच्या त्या 755 वालीपेक्षा किती कमी. तरी झेड-51 हे जादा पॅकेज घेतलं की थांबलेल्या अवस्थेतून ताशी 60 मैल, म्हणजे सुमारे 97 किलोमीटर, 2.9 सेकंदांत.

(गंमत म्हणून सांगतो, आपल्या गल्लीतल्या ओम्नीचं इंजिनही पुढच्या सीटखाली असतं. पण तिच्यावरून कुणी भांडल्याचं ऐकलं नाही.)

आता मला जे सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते सांगतो. वादात सगळे काय बदललं यावरच बोलत होते. काय बदललं नाही ते बघा. इंजिन तेच जुन्या घराण्याचं, 6.2 लिटरचं, आठ सिलिंडरचं. त्याची रचनाही जुन्या पद्धतीचीच ठेवली, तोच घुमणारा आवाज. छताचा मधला भाग हातानं काढता येतो, तोही कायम, आणि काढलेलं छत मागच्या डिकीत मावतं. त्या डिकीत गोल्फच्या दोन बॅगा बसल्याच पाहिजेत, हा हट्टही पाळला. गोल्फ खेळणारं जुनं गिऱ्हाईक कोण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं! पुढं इंजिन नाही म्हणून तिथं आणखी एक छोटी डिकी निघाली.

आणि किंमत. सुरुवात 59,995 डॉलर. त्या वेळच्या दरानं साधारण 41 लाख रुपये. तुम्हाला ही प्रचंड वाटेल, पण तेव्हा अमेरिकेतच विकल्या जाणाऱ्या होंडाच्या मिड-इंजिन एनएसएक्सची सुरुवात 1,57,500 डॉलरला होती. अडीच पटींहून जास्त. कॉर्व्हेटवाल्यांचा जुना अभिमान हाच की श्रीमंतांच्या गाडीची मजा आम्ही निम्म्याहून कमी पैशात घेतो. बॉनेट गेलं, क्लच गेला, पण हा अभिमान शाबूत राहिला. माझ्या मते वाद जिंकला तो इथं, सेकंदांच्या आकड्यावर नाही.

क्लचबद्दल मात्र जुन्यांची बाजू मला पटते, थोडीशी का होईना. मुख्य इंजिनिअर टॅज युक्टर यांनी कारण सांगितलं होतं की हाताचा गिअर मागणारे वर्षागणिक कमी होत गेले आणि एवढ्याशा नगांसाठी खास गिअरबॉक्स बनवून द्यायला पुरवठादार तयार होईना. हिशोब बरोबर आहे. कमी नग म्हटलं की पुरवठादार काय तोंड करतो हे तुम्ही डब्याच्या छपाईवाल्याकडे अनुभवलंच असेल. पण सगळ्यात हळवं गिऱ्हाईक त्या कमी झालेल्यांमध्येच होतं, हेही खरं.

आता थोडं मागं जाऊ. इंजिन मागं नेण्याची कल्पना 2019 ची नव्हतीच. पहिली कॉर्व्हेट जानेवारी 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात दाखवली गेली. त्या वर्षी 300 गाड्या बनल्या, पुढच्या वर्षी 3,640, पण त्यातल्या बऱ्याच विकल्याच गेल्या नाहीत. 1955 मध्ये फक्त 700. गाडी बंद पडायच्या बेतात होती. तिला सावरणाऱ्यांत झोरा अर्कस-डंटॉव्ह हा इंजिनिअर होता, ब्रसेल्समध्ये रशियन ज्यू कुटुंबात जन्मलेला. त्या प्रदर्शनात त्यानं गाडी पाहिली आणि त्याच वर्षी तो कंपनीत लागला. 1960 मध्ये त्यानं इंजिन मागं असलेली प्रायोगिक गाडी बनवली. मग 1964 मध्ये दुसरी. नंतरही नमुने होत राहिले, प्रदर्शनात मांडले गेले, टाळ्या मिळाल्या आणि परत गोदामात गेले. वर बसलेल्यांचा विचार असा की आहे ती गाडी विकली जातेय ना, मग एवढा खर्च कशाला? डंटॉव्ह 1975 मध्ये निवृत्त झाला, 1996 मध्ये गेला. त्याच्या अस्थी त्या बोलिंग ग्रीनच्या संग्रहालयातच ठेवल्यात. त्याची गाडी आली ती तो गेल्यावर 23 वर्षांनी.

म्हणून 'घाई केली' हा आरोप मला पटत नाही. उशीर मात्र केला.

बरं, आल्यावर सगळं सुरळीत झालं का? नाही. सप्टेंबर 2019 मध्ये कामगारांचा 40 दिवसांचा संप झाला, उत्पादन फेब्रुवारी 2020 वर गेलं. महिन्या-दीड महिन्यात कोविडनं कारखाना बंद. गाड्या कमी, मागणी जास्त, मग काही डीलर छापील किमतीवर वरकड मागायला लागले. स्वस्त म्हणून जी गाडी लोकांनी डोक्यावर घेतली, तिचाच स्वस्तपणा मधल्या माणसानं खाल्ला. वितरक नेमताना हे लक्षात ठेवा. त्यातच पुढची डिकी नीट न लागल्यानं काहींच्या चालत्या गाडीत ती उघडली. कंपनीनं सॉफ्टवेअर बदलून दिलं, डिकी उघडी असेल तर गाडी ताशी 42 किलोमीटरच्या वर जाणारच नाही असं.

तरीही 2020 च्या मॉडेलच्या 20,368 गाड्या बनल्या आणि 2023 च्या मॉडेलच्या 53,785.

एवढं सांगून झाल्यावर ताईंनी एकच प्रश्न विचारला. "त्या रागावलेल्या लोकांनी शेवटी घेतली का हो गाडी?"

पुष्कळांनी घेतली. काहींनी नाही घेतली. ते अजून जुनी, क्लचवालीच जपून चालवतात आणि भेटेल त्याला सांगतात की खरी ती हीच.

ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग वही काढून म्हणाल्या, "म्हणजे माझी चव भाजण्यात आहे की कुटण्यात, हे आधी मलाच माहीत नाही." मला विचाराल तर दोन्हीत असणार. मशीन जोरात फिरलं की मसाला तापतो, वास उडतो, डंखावर तो जाडसर आणि गार राहतो. पण किती फरक पडतो ते जिभेनंच ठरवायचं. त्यांनी ठरवलं की एकाच दिवशी एकाच कढईत भाजलेल्या मसाल्याचे दोन भाग करायचे. एक डंखावर, दुसरा गावातल्या ओळखीच्या मशीनवर, थांबत थांबत, गार करत. दोन्हीच्या पाव-पाव किलोच्या पुड्या आणि पुडीवर फक्त एक टिंब किंवा दोन टिंबं. रागावलेल्या अकरा घरी काही न सांगता द्यायच्या.

पुड्या मागच्या सोमवारी गेल्या. अजून फोन आलेला नाही.