नवोदित क्वार्टरबॅकची पारख

अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्यें, जेथें चेंडू पायांपेक्षां हातांनींच अधिक खेळला जातो, क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार होय. प्रतिपक्षाची मांडणी ओळखून चेंडू कोणाकडे फेंकावा, हें त्याला जेमतेम तीन सेकंदांत ठरवावें लागतें. महाविद्यालयीन खेळाहून येथील गति फार अधिक. म्हणून पहिल्या वर्षाच्या आंकड्यांवरून नवोदिताची पारख करूं गेल्यास फसगत होते.

१९९८ सालीं इंडियानापोलिसच्या पेटन मॅनिंगचा चेंडू प्रतिपक्षानें २८ वेळां मध्येंच झेलला; संघ १६ पैकीं १३ सामने हरला. दुसऱ्याच वर्षीं ही संख्या १५ वर आली आणि संघानें १३ सामने जिंकले. उलट, २०१२ चा गाजलेला नवोदित रॉबर्ट ग्रिफिन याच्या खेळास गुडघ्याच्या दुखापतीनंतर पूर्वीची धार आलीच नाहीं.

मग पाहावें तें काय? तीच चूक पुनःपुन्हां घडते कीं कमी होते. निर्णय लवकर होतो कीं नाहीं. त्याचें रक्षण करणारी फळी भक्कम व शिक्षक तेच आहेत कीं नाहींत. ॲरन रॉजर्स तीन वर्षें बहुतांशीं बाकावर बसून शिकला. पुढें २०१० च्या हंगामाचें अजिंक्यपद त्यानें संघास मिळवून दिलें. घाईचा निकाल संघाला एका हंगामापुरता भोंवतो. तरुणाची मात्र सारी कारकीर्द त्यांत बुडूं शकते.