जमीन मागत फिरलेल्या विमलाताई

भिवंडीजवळ वडप्याला नाशिकचा हमरस्ता लागतो. या पट्ट्यात जिथे भातखाचरे होती तिथे आता गोदामे उभी आहेत. जमिनीला भाव आला की भावाभावांत बोलणे का बंद होते, ते इथल्या आयाबायांना सांगायला नको. अशा वेळी विमलाताई ठकारांची आठवण होते.

अकोल्यात वाढलेल्या या बाई विनोबांच्या भूदानात गेल्या, भूमिहीनांसाठी गावोगाव पायी हिंडून जमीन मागू लागल्या. (आपण तर वीतभर बांधासाठी कोर्टाची पायरी चढतो!) लोकांनी जमीन दिलीही. पण जे. कृष्णमूर्तींची गाठ पडल्यावर ताईंना कळून चुकले, की सातबारा बदलला तरी माणूस तोच राहतो. त्यांनी चळवळ सोडली. पंथ काढला नाही, गंडा बांधला नाही, कुणाला शिष्य म्हणवून घेतले नाही. त्यांचे सांगणे साधे होते: मनात राग, लोभ उठला की त्याला दडपू नका, चुचकारूही नका, नुसते बघा. नांगर शेजाऱ्याच्या बांधात सरकतो, तेव्हा हात कशाने पुढे जातो, तेही असेच बघता येते.

देशोदेशी हिंडून ताई पुन्हा खेड्यांच्या कामाकडे वळल्या. २००९ साली अबूला त्या वारल्या.