४५६ उमेदवारांची निवडणूक

१९९६च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. कर्नाटकातील हा मराठीभाषक सीमाभाग महाराष्ट्रात यावा, या सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष वेधण्यासाठी महाराष्ट्र एकीकरण समितीने मराठी भाषकांचे शेकडो अर्ज भरवले होते. प्रत्येकाला वेगळे चिन्ह द्यायचे आणि सगळी नावे छापायची, असा पेच प्रशासनापुढे पडला. मतपत्रिकेची पुस्तिकाच झाली.

उमेदवारांची अशी गर्दी रोखण्यासाठी त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायदा बदलला. सर्वसाधारण उमेदवाराची लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० झाली. अपक्षाला एकाऐवजी दहा सूचक लागू लागले. आज मतदान यंत्राच्या एका मतपत्रिका-युनिटवर ‘नोटा’सह १६ पर्याय मावतात, उमेदवार वाढले की युनिटे जोडावी लागतात.

निवडणूक सुटसुटीत हवीच. पण १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासूनचे सीमाभागाचे गाऱ्हाणे अनामत वाढवून मिटत नाही.