लिनक्स कर्नलची यंत्रानुरूप घडण

कार्यप्रणालीचा गाभा जो कर्नल, तो यंत्र आणि प्रोग्राम यांमधील मध्यस्थ होय. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी प्रसिद्ध केलेला लिनक्स कर्नल नाना प्रकारच्या यंत्रांवर चालतो. परंतु त्याची घडण यंत्रानुरूप करावी लागते. २०१२ मधील पहिल्या रास्पबेरी पाय संगणकाचे उदाहरण घ्यावे. त्याचा प्रोसेसर एआरएमच्या सहाव्या आवृत्तीचा असल्याने सातव्या आवृत्तीसाठी बांधलेला कर्नल त्यावर चालत नाही. म्हणून प्रोसेसरची निश्चिती प्रथम करणे अगत्याचे ठरते.

त्यानंतर बहुतेक ड्रायव्हरांबाबत तीन पर्याय संभवतात : कर्नलमध्ये अंतर्भाव करणे, मॉड्यूल म्हणून वेगळा ठेवणे, अथवा वगळणे. मॉड्यूलमुळे मेमरीची बचत होते हे खरे. तथापि खरी मेख येथेच आहे. कर्नलला कार्डावरून मेमरीत आणण्याचे काम फर्मवेअर करते; पुढील वाचन मात्र कर्नलनेच करावयाचे असते. अशा वेळी कार्डाचा ड्रायव्हर मॉड्यूलरूपाने त्याच कार्डावर असेल, तर पेटीची किल्ली पेटीतच ठेवून कुलूप लावल्यासारखी स्थिती होते आणि कर्नल अर्ध्यावरच थांबतो. तो ड्रायव्हर व फाइलप्रणाली कर्नलमध्ये अंतर्भूत करणे, किंवा ती मॉड्यूले कर्नलबरोबरच मेमरीत येणाऱ्या इनिट्रॅमएफएसमध्ये ठेवणे, हे त्यावरील उपाय होत.

उपकरण कोणत्या पत्त्यावर आहे, हे कर्नलला डिव्हाइस ट्री या स्वतंत्र वर्णनावरून कळते. ते वर्णन चुकल्यास योग्य ड्रायव्हरही निरुपयोगी ठरतो. तात्पर्य, काय वगळावे यापेक्षा कोणता घटक केव्हा लागतो, याचा विचार आधी व्हावयास हवा.