त्याच आवर्तनाचा चढ: पोस्ट-रॉक आणि दिंडी

चार-सहा स्वरांचे एखादे सूत्र आठ-दहा मिनिटे घोळवत राहणारे, शब्दांचा आधार नाकारणारे संगीत श्रोत्याला कंटाळा न आणता कसे धरून ठेवते, याचे उत्तर सहसा पाश्चात्त्य रॉकच्या इतिहासात शोधले जाते. देहूरोडच्या रहिवाशाला ते दरवर्षी ज्येष्ठात घराजवळच्या रस्त्यावर ऐकू येते.

'पोस्ट-रॉक' ही संज्ञा ब्रिटिश समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी १९९४ मध्ये रूढ केली. गिटार, बेस आणि ड्रम्स ही रॉकचीच वाद्ये, परंतु त्यांचा उपयोग गाणे सजवण्यासाठी न करता नादाचा पोत, म्हणजे आवाजाची जाडी, खरखर आणि घुमारा, घडवण्यासाठी करायचा, असा या प्रकाराचा रोख आहे. टेक्सासमधील 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय' या संचाच्या २००३ सालच्या 'द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस' या ध्वनिमुद्रिकेत केवळ पाच रचना असून एकीतही गायन नाही. एक गिटार साधे सूत्र सुरू करते, दुसरे त्यात गुंफले जाते, ड्रम्स हलकेच शिरतात, आणि मूळ सूत्र फारसे न बदलता भोवतीचा नाद इतका दाट होत जातो की शेवटी तेच स्वर निराळे भासू लागतात.

पुनरावृत्ती ऐकणाऱ्याचे अवधान हलवते, हे यामागचे मुख्य कारण. सूत्र एकदा अंगवळणी पडले की पुढे काय येणार हा प्रश्न मिटतो आणि कान आता काय बदलले हे टिपू लागतो, त्यामुळे झांजेचा एखादा जादा आघातही मोठी घटना ठरतो. अमेरिकन संशोधक एलिझाबेथ मार्गुलिस यांनी लुचानो बेरियो आणि एलियट कार्टर या आधुनिक रचनाकारांच्या अवघड संगीतातील तुकडे संगणकावर मुद्दाम पुन्हा जोडून श्रोत्यांना ऐकवले, तेव्हा रचनाकाराने न योजलेली ही पुनरावृत्तीच त्यांना अधिक रुचली. सूत्र साधे असावे लागते तेही याचसाठी, कारण गुंतागुंतीची ओळ स्वतःकडेच लक्ष खेचून घेते.

अवधानाचा हाच खेळ देहूरोडच्या रस्त्यावर दिंडीत ऐकू येतो. संत तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला तुकोबांचा पालखी सोहळा देहूहून निघाल्यावर देहूरोडजवळ जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला लागतो आणि निगडीवरून आकुर्डीला मुक्कामी जातो. दिंडीत, म्हणजे एकत्र चालणाऱ्या वारकऱ्यांच्या गटात, वीणेकरी, टाळकरी आणि मृदंगी असतात. आठ मात्रांचा भजनी ठेका संथपणे धरला जातो, नाममंत्राची तीच ओळ फिरत राहते, मग मृदंग दुगणीत जातो, म्हणजे त्याच अवकाशात दुप्पट बोल वाजवतो, आणि भजन टिपेला पोहोचते. इथे शब्द आहेत, ही उणीव या तुलनेत उरतेच. तरी पुन्हा पुन्हा उच्चारलेल्या नामाचा अर्थ मागे सरून त्याचा आघात पुढे येतो, हे ऐकणारा नाकारणार नाही.

भेद खरा आहे तो चढण्याच्या रीतीत. पोस्ट-रॉकमध्ये लय बहुधा तीच राहते आणि आवाजाचा जोर वाढतो. दिंडीत वाद्ये तीच राहतात आणि लय वाढते. मॉन्ट्रियलच्या 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' या संचाच्या काही रचनांत मात्र लयही चढत जाते, म्हणून त्या दिंडीच्या अधिक जवळच्या वाटतात. केवळ जोरावर विसंबणे हे या प्रकाराचे दुबळेपणही आहे: हळू आरंभ, लांबलेला चढ आणि शेवटी स्फोट हा साचा पुढच्या अनेक संचांनी इतका वापरला की स्फोट कधी होणार हे आधीच कळू लागले, आणि सूत्राच्या पुनरावृत्तीची गोडी साच्याच्या पुनरावृत्तीने घालवली.

दिंडीला तो धोका कमी, कारण तिथला साधेपणा ऐकणाऱ्यासाठी नसून चालणाऱ्यासाठी आहे. पावलाशी जुळेल, नवख्याला लगेच उचलता येईल आणि मैलोन्‌मैल टिकेल असाच ठेका तिथे चालतो. दमलेला टाळकरी टाळ गळ्यात तसेच सोडून नुसता चालत राहिला तरी आवर्तन मोडत नाही, चौघांच्या बँडमधील ड्रमवादकाला मात्र ती मुभा नसते.