‘हे तुला कोठे मिळाले?’

महाविद्यालयाचे नवे वर्ष सुरू झाले की प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयात नेण्याचा एक उपचार पार पडतो. ग्रंथपाल कपाटे दाखवितात, नियम सांगतात. आणि माहिती कशी शोधावी, कशी पारखावी, या शिक्षणाची तेथेच इतिश्री होते. पुढे तोच विद्यार्थी मोबाइलवर प्रथम सापडलेला, किंवा यंत्राने क्षणार्धात रचून दिलेला मजकूर प्रकल्प म्हणून सादर करतो, तेव्हा आपण दोष त्यालाच देतो.

वस्तुतः दोष अभ्यासक्रमाचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले आणि २०१९ मध्ये पीएच.डी.साठी संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम अनिवार्य ठरविला. ते योग्यच झाले. परंतु पदवीची सारी वर्षे उतरवून काढण्यात गेल्यावर हा धडा देणे म्हणजे आधी कळस, मग पाया! शिवाय बहुसंख्य पदवीधर तेथवर पोहोचतच नाहीत. ते शिक्षक होतात, कारकून होतात. मतदार तर सारेच असतात.

यासाठी आणखी एक स्वतंत्र विषय नेमणे हा उपाय नव्हे. त्याने बाजारात आणखी एक गाइड येईल, इतकेच. हे शिक्षण प्रत्येक विषयात मुरले पाहिजे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने बखरीतील हकिगत समकालीन पत्रांशेजारी ठेवून पाहावी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वृत्तपत्रातील आकडा जनगणनेच्या मूळ तक्त्याशी ताडून पाहावा. अध्यापक आणि ग्रंथपाल यांनी मिळून असा स्वाध्याय आखावा, आणि उत्तराइतकेच शोधाच्या वाटेलाही गुण द्यावेत. गुणांवाचून आपल्याकडे कशालाच किंमत येत नाही, हे कटू असले तरी सत्य आहे.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करणाऱ्या राजवाड्यांचा आग्रह अस्सल कागदाचाच होता. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथ उपयोगासाठी असतात, हा त्यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतील पहिला नियम होय.

ग्रंथपालाचे पद रिक्त ठेवून हे साधणार नाही, हे शासनाने ओळखावे. मात्र अध्यापकाने शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक प्रकल्प हाती घेताना ‘हे तुला कोठे मिळाले?’ एवढे विचारण्यास कोणाच्या मंजुरीची गरज आहे?