रक्ताचे खेळते भांडवल

वार्षिक अहवालाच्या या पानांवर आपण दरवर्षी रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च वाचता. त्यासोबत आरोग्यविषयक एखादा लेख देण्याचा प्रघात आम्ही ठेवला आहे. यंदाचा विषय हृदय व रक्ताभिसरण हा आहे. आम्ही वैद्यक नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमचे आयुष्य खतावणीत गेले. परंतु या विषयाचा उलगडा मुळात एका हिशेबाने झाला, हे कळल्यापासून तो आम्हांस आपलासा वाटू लागला आहे. मजकूर आमच्या डॉक्टरांनी तपासून दिला आहे.

खाल्लेल्या अन्नापासून यकृतात सतत नवे रक्त तयार होते आणि ते अवयवांकडे जाऊन तेथेच खर्ची पडते, अशी समजूत युरोपात गेलनच्या काळापासून सुमारे चौदाशे वर्षे चालत आली होती. इंग्लंडमधील विल्यम हार्वे या वैद्याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजुतीचा जमाखर्च मांडला. एका ठोक्यास हृदयातून किती रक्त बाहेर पडते याचा त्याने हात राखून अंदाज घेतला व त्यास ठोक्यांच्या संख्येने गुणले. अवघ्या अर्ध्या तासाची बेरीज साऱ्या शरीरातील रक्ताहून अधिक निघाली! एवढे रक्त कोणत्याही अन्नातून रोज तयार होणे अशक्य. तेव्हा खर्च झालेली रक्कम पुन्हा जमेस येत असली पाहिजे, म्हणजे तेच रक्त फिरत असले पाहिजे. रोहिण्यांतून गेलेले रक्त नीलांमध्ये नेमके कोठून उतरते, हे मात्र हार्वेस दिसले नाही. तो दुवा, म्हणजे केशवाहिन्या, १६६१ साली मार्सेलो माल्पिघी याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. हार्वेचे निधन होऊन तेव्हा चार वर्षे लोटली होती.

प्रौढ माणसाचे हृदय मुठीएवढे, वजनाने सुमारे ३०० ग्रॅम. मधल्या पडद्याने त्याचे उजवा व डावा असे दोन भाग केले असून प्रत्येक भागात वर अलिंद व खाली निलय आहे. उजवा भाग शरीरातून आलेले रक्त फुप्फुसांकडे धाडतो. तेथे प्राणवायू घेऊन ते डाव्या भागात येते आणि महारोहिणीवाटे सर्वांगास जाते. वाटेतील झडपा रक्तास मागे फिरू देत नाहीत. डॉक्टर छातीस नळी लावून जो ‘लब-डब’ ऐकतात, तो या झडपा मिटण्याचाच आवाज होय.

एका ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटास सुमारे ७२ ठोके. म्हणजे मिनिटाला ५ लिटर. शरीरातील एकूण रक्तही साधारण तेवढेच. पाच लिटरच्या खेळत्या भांडवलावर दिवसाची उलाढाल ७,२०० लिटर! कोणत्याही पेढीस हेवा वाटावा असा हा व्यवहार आहे.

खरा देवघेवीचा व्यवहार मात्र केशवाहिन्यांत होतो. त्या काही ठिकाणी इतक्या अरुंद असतात, की तांबड्या पेशीला अंग मुडपून जावे लागते. आपल्या भागात अनेक कुटुंबांना ठाऊक असलेल्या सिकलसेल आजारात नेमकी येथेच अडचण येते. प्राणवायू सोडल्यावर पेशी ताठर होऊन विळ्याचा आकार घेते, अरुंद वाटेत अडकते व पुढील भागास रक्त मिळेनासे होते. हातापायांतील त्या असह्य कळा ‘वाताच्या’ नसतात.

आता रक्तदाबाविषयी. रोहिण्यांच्या भिंती लवचिक असतात. हृदय आकुंचन पावते तेव्हा त्या फुगतात व ते सैल पडते तेव्हा पूर्ववत होत रक्त पुढे ढकलतात. म्हणून दाबाचे वरचा व खालचा असे दोन आकडे लिहितात. दाब वर्षानुवर्षे चढा राहिला, तर भिंती जाड व कडक होतात. मेंदूतील बारीक रोहिण्या मग कधी बुजतात, कधी फुटतात. यालाच आपण लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतो. या सगळ्या काळात बहुधा काहीही दुखत नाही, चक्कर येत नाही, काम अडत नाही. आणि सारा घोटाळा येथेच होतो.

हा शहरी, सुखवस्तू लोकांचा रोग, अशी आमचीही समजूत होती. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे शोधली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लकवा हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. दर सात मृत्यूंमागे एक. त्यांतील बहुतेक मृत्यू घरीच झाले होते.

येथे आमच्या कार्यालयाची एक चूक नोंदवणे भाग आहे. औषधांत पैसा अडकून पडू नये म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या एका वेळी पंधरा दिवसांच्याच द्याव्यात, असा नियम आम्हीच केला होता. कागदावर तो शहाणपणाचा होता. काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पलीकडील एका शेतकऱ्याच्या गोळ्या संपल्या आणि पुरामुळे वाट बंद झाली. त्रास काहीच नव्हता, म्हणून पूर ओसरल्यावरही ते आले नाहीत. पुढे त्यांना खाटेवर घालून आणले तेव्हा उजवी बाजू लुळी पडली होती व वाचा गेली होती. ते वाचले, काठी घेऊन चालतात. त्यांच्या मुलाने आम्हांस विचारले, “साहेब, दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या असत्या, तर चाललं नसतं का?” गोळ्या असत्या तर हे टळलेच असते असे ठामपणे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणतात. आम्ही त्या मुलास हे सांगितले नाही. सांगण्याचे धैर्य झाले नाही, आणि त्याच्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते.

आता नदीपलीकडच्या रुग्णांना मे अखेरीस, डॉक्टरांच्या तपासणीनंतर, तीन महिन्यांच्या गोळ्या देतो. त्यांची खरेदी मार्चमध्येच करावी लागते. ३१ मार्चच्या ताळेबंदात औषधसाठा फुगलेला दिसतो तो त्यामुळे. विश्वस्तांनी सभेत याबाबत पृच्छा केली होती, तिचे हे सविस्तर उत्तर समजावे.

रुग्णांच्या घरच्यांसाठी थोडे. मिठामुळे शरीरात पाणी साठून दाब वाढतो. दिवसाकाठी सर्व मिळून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरे. लोणचे व खारवलेली मासळीही त्यातच धरावी. खर्ऱ्यातील तंबाखू रोहिण्या आवळते व ठोके वाढवते. तोंड एकीकडे वाकडे होणे, एक हात न उचलणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही एकाएकी दिसल्यास रात्र सरण्याची वाट पाहू नये व तोंडाने औषध-पाणी काही देऊ नये. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही मेंदूचे सीटी स्कॅन पाहिल्यावर. सिरोंच्याहून गडचिरोली गाठण्यातच त्यातला मोठा वाटा निघून जातो. म्हणून त्रास कोणत्या वेळी सुरू झाला ते घड्याळ पाहून लक्षात ठेवावे आणि येताना चालू गोळ्यांचे पाकीट, रिकामे असले तरी, सोबत आणावे.